पिस्तुलावरचं कुंकू

मी पोटापाण्यासाठी काय करतो हे मी आमच्या मराठी मंडळात बरीच वर्षं नीट सांगितलं नव्हतं. "लॅबमध्ये आहे," एवढंच सांगायचो. समोरच्याला वाटायचं, औषधांची कंपनी असेल. न्यू जर्सीत दर तिसरा मराठी माणूस औषधांच्या कंपनीत असतो, त्यामुळे पुढे कुणी विचारत नसे. मग एका कोजागिरीला माझ्या बायकोने, सुनंदाने, खरं काय ते सांगून टाकलं, आणि मी एकदम वजनदार माणूस झालो. बायका आपल्या मुलांना घेऊन मला बघायला यायला लागल्या.

मी काउंटीच्या पोलीस प्रयोगशाळेत बंदुका तपासत होतो. नागपूरला केमिस्ट्रीत एम.एस्सी. केलं, इथे येऊन आणखी एक डिग्री घेतली, आणि नोकरी मिळाली ती इथे. घरी पत्राने कळवलं तेव्हा बाबांनी उलट टपाली विचारलं होतं, 'तू बौद्ध माणूस, हे काय काम?' मी लिहिलं, 'मी बंदूक चालवत नाही, बंदुकीला प्रश्न विचारतो.' उत्तर मला तेव्हा फार हुशारीचं वाटलं होतं.

प्रश्न दोन-तीनच असतात. पहिला, हे शस्त्र चालतं का? हा मूर्खपणाचा वाटेल, पण कायद्याला तो आधी लागतो. दुसरा, प्रेतातून निघालेली गोळी ह्याच नळीतून गेली का? नळीच्या आतल्या अंगाला पीळ दिलेले चर असतात, त्यांचे ओरखडे गोळीवर उमटतात. आम्ही पाण्याच्या लांबलचक टाकीत एक गोळी झाडायचो, ती काढून जुळ्या सूक्ष्मदर्शकाखाली त्या दुसऱ्या गोळीशेजारी ठेवायचो आणि ओरखड्याला ओरखडा जुळतो का ते बघत बसायचो. तिसरा प्रश्न, घोडा ओढायला किती जोर लागतो? त्याला वजनं टांगायची. "चुकून उडाली" असं म्हणणारे फार असतात, म्हणून हे वजन लिहून ठेवायचं. कुणी झाडली, का झाडली, हा आमचा प्रश्न नव्हे. पहिल्याच आठवड्यात माझ्या साहेबाने, डेव्हने, मला बजावलं होतं, "कागदावरची स्टोरी वाचू नकोस. आधी टेस्ट, मग स्टोरी." मी तो नियम देवाच्या आज्ञेसारखा पाळला. देव मी मानत नाही, पण डेव्हला मानायचो.

शाळांमधून येणारी पाकिटं नव्वदच्या आसपास वाढायला लागली. एकदा एका मुलाच्या लॉकरमधून निघालेलं रिव्हॉल्वर आलं. ते गंजून असं काही घट्ट झालं होतं की घोडा हातोडीशिवाय हलला नसता. मी 'चालत नाही' असा शेरा दिला. शाळेच्या प्रिन्सिपॉलबाईंचा फोन आला. मला वाटलं, सुटकेचा श्वास टाकतील. बाई म्हणाल्या, "म्हणजे आता मला त्याला शाळेतून काढता येणार नाही?" दुसऱ्या एका केसमध्ये आठवीतल्या मुलीच्या डब्याच्या पिशवीत पिस्तूल सापडलं. तिच्या वडिलांनी मला फोन करून विचारलं की काम झाल्यावर ते परत कधी मिळेल, कारण ते त्यांच्या आजोबांचं आहे. मुलीबद्दल एक शब्दही नाही. असले किस्से मी मंडळात सांगायचो आणि लोक मान हलवायचे. "ह्या अमेरिकनांना संस्कारच नाहीत," असं कुणीतरी म्हणायचं, आणि मीही पान खात ऐकून घ्यायचो.

शरद माझा मित्र. मित्र म्हणजे, त्याने मैत्री केली आणि मी ती होऊ दिली. मूळचा पुण्याचा, इथे त्याचं दारूचं दुकान होतं. तो त्याला 'बिझनेस' म्हणायचा आणि त्याच्या आई, ज्यांना सगळे आजी म्हणायचे, त्या 'किराणा' म्हणायच्या. पहिल्या भेटीत त्याने माझं आडनाव विचारलं, मी "मेश्राम" म्हणालो, तो अर्धा क्षण थांबला आणि मग जरा जास्तच मोठ्याने हसला. तो अर्धा क्षण आम्ही लोक लहानपणापासून मोजायला शिकतो. पण माणूस दिलदार होता. त्याची बायको, माधुरी वहिनी, सुनंदाशी मनापासून बोलायची. आणि त्यांचा मुलगा निखिल, चौदा-पंधरा वर्षांचा, किडकिडीत, क्लॅरिनेट वाजवायचा. मला बघितलं की विचारायचा, "काका, एनी न्यू केस?" शंभर मुलांत असा एखादाच असतो, ज्याला मोठ्यांच्या कामाबद्दल खरंच ऐकायचं असतं.

दुकानात एकदा शरदच्या कपाळाला बंदूक लावून कुणीतरी गल्ला नेला. महिनाभराने शरदने रीतसर परवाना काढून पिस्तूल घेतलं. त्यात मला काही वावगं वाटलं नाही. मी त्याच्या जागी असतो तर कदाचित तेच केलं असतं.

त्या वर्षी त्याने आम्हाला दसऱ्याला बोलावलं. अमेरिकेत दसरा शनिवारी येतो. आमचा तो धम्मदीक्षेचा दिवस, पण आमचा कार्यक्रम हॉल मिळेल त्याप्रमाणे पुढच्या रविवारी होता, त्यामुळे आम्ही मोकळे होतो. शिवाय शरदच्या घरी जेवायचं आमंत्रण पहिल्यांदाच आलं होतं. सुनंदाने नवी साडी नेसली.

शरदच्या घरी हॉलमध्ये चौरंग मांडला होता. आपट्याची पानं मिळत नाहीत म्हणून वहिनींनी मेपलची पिवळी पानं गोळा करून आणली होती, सोनं म्हणून. चौरंगावर शस्त्रपूजा. खरं तर तिथे शस्त्र म्हणून जे होतं ते बघून हसू आलं: गाडीच्या किल्ल्या, एका डॉक्टरीणबाईंचा स्टेथोस्कोप, फ्लॉपी डिस्कची चळत, निखिलचा कॅलक्युलेटर आणि क्लॅरिनेट. आणि मधोमध, लाल कापडावर, शरदचं पिस्तूल. त्याला हळद, कुंकू, अक्षता, झेंडूचं फूल. आजी कौतुकाने सांगत होत्या, "हे कुंकू विकतचं नाही हो. हळदीचं आहे, मी घरी केलेलं, तिकडून आणलंय."

शरद म्हणाला, "बघा मेश्रामसाहेब, इतकी वर्षं पुस्तकं आणि किल्ल्या पूजत होतो. धिस इयर, फर्स्ट टाइम, घरात रिअल शस्त्र!"

सगळे हसले. मीही हसलो.

पूजा झाल्यावर तो म्हणाला, "तुम्ही तर ह्यातले एक्स्पर्ट. पोरांना जरा सेफ्टीचं सांगा ना. घरात वस्तू आहे तर माहिती पाहिजे."

पाच-सहा मुलं भोवती जमली. निखिल सगळ्यात पुढे. मला फार छान वाटलं, हे कबूल करतो. मंडळात डॉक्टर, इंजिनीअर यांना विचारणारे पुष्कळ असतात, मला कोण विचारणार? मी पिस्तूल उचललं, नळी जमिनीकडे धरली आणि इंग्रजीत सुरुवात केली. "फर्स्ट थिंग. ऑलवेज. मॅगझिन आउट." मॅगझिन म्हणजे मुठीच्या आत बसणारी गोळ्यांची पट्टीसारखी पेटी. मी बटण दाबून ती बाहेर काढली आणि मुलांना दाखवली. आत गोळ्या होत्या! पूजेत भरलेलं पिस्तूल ठेवलं होतं. मी शरदकडे बघितलं, तो कुणाला तरी पानं वाटत होता.

निखिलने विचारलं, "सो इट्स एम्प्टी नाऊ?"

मी एक बोट वर केलं. थांब, ह्याच्यापुढेच खरी गोष्ट आहे, अशा अर्थाने. खरी गोष्ट अशी की मॅगझिन काढलं तरी एक गोळी आधीच नळीच्या मागे, चेंबरमध्ये, चढून बसलेली असू शकते. मॅगझिनला तिच्याशी काही देणंघेणं नसतं. वरचा सरकता भाग मागे ओढून, आत डोळ्यांनी बघून, मगच पिस्तूल रिकामं म्हणायचं. लॅबमध्ये हे आम्ही झोपेतही करू. कुणी दुसऱ्याने तपासून दिलेलं असलं तरी पुन्हा करायचं.

पण मी बोट वर केलं आणि तेवढ्यात वहिनींनी हाक मारली, "चला, पानं वाढलीत! पुऱ्या गार होतायत!" मुलं पळाली. शरदने हसत माझ्या हातातून पिस्तूल घेतलं, मॅगझिन पुन्हा आत सरकवलं आणि देवघराखालचा ड्रॉवर उघडून आत ठेवलं. "देवाजवळ असलं की सेफ. आंघोळ केल्याशिवाय कोणी हात लावत नाही," असं म्हणाला.

मी पाटावर बसलो. मला चांगलं माहीत होतं की मी आतली गोळी बघितलेली नाही. श्रीखंडाचा पहिला घास घेताना माहीत होतं आणि शेवटचा घेतानाही. उठून, "शरद, एक मिनिट ते पुन्हा दे," एवढं म्हणायचं होतं. मी म्हटलं नाही. आजी स्वतः वाढत होत्या. माझ्या पानात वाकून, "आणखी घ्या, संकोच करू नका," म्हणत होत्या. नागपुरात माझ्या आजीला ज्या घरांच्या ओसरीवर चढता येत नव्हतं, त्या घरांसारख्याच एका घरात मी पंगतीत बसलो होतो. पहिल्याच जेवणाला उठून त्यांच्या पूजेत दोष काढायचा? मेश्राम आला आणि देवघर तपासायला लागला, असं व्हायला नको होतं. आज हे लिहिताना लाज वाटते, पण खरं कारण हेच होतं. दुसरं कुठलंही नव्हतं.

परत जाताना गाडीत सुनंदाने विचारलं, "ते रिकामं होतं का?"

"उद्या फोन करून सांगतो त्याला."

"काहून उद्या? आताच वळवा ना गाडी."

मी गाडी वळवली नाही. दुसऱ्या दिवशी फोन केला नाही. मग दिवाळी आली.

फेब्रुवारीत एका सकाळी आमच्या काउंटीतल्या एका हायस्कूलमध्ये गोळी उडाली आणि एक मुलगा मेला. रेडिओवर मुलांची नावं सांगत नव्हते, अल्पवयीन म्हणून. दुपारी मी ओक ट्री रोडवर किराणा घ्यायला थांबलो. दुकानात तीन-चार मराठी मंडळी होती. एक काकू म्हणाल्या, "दोघंही नोकरी करतात, डिव्होर्स करतात, पोरं टीव्हीवर वाढतात. दुसरं काय होणार?" एक गृहस्थ म्हणाले, "आपल्यात असलं होणं शक्यच नाही." मी मेथीची जुडी घेतली आणि निघालो.

मी लॅबमध्ये परतलो तोवर पाकीट आलं होतं. सोबत एक छोटी डबी, तिच्यात त्या मुलाच्या अंगातून काढलेली गोळी. डब्या औषधाच्या गोळ्यांच्या असतात तशाच असतात. मी नियमाप्रमाणे कागद उलटा ठेवला आणि पिस्तूल बाहेर काढलं. मॅगझिन नव्हतं. सामानाच्या यादीत लिहिलं होतं, मॅगझिन मुलाच्या घरी सापडलं. म्हणजे ते काढून ठेवून मुलगा पिस्तूल शाळेत घेऊन गेला होता.

मुठीच्या स्क्रूच्या खाचेत लालसर काहीतरी होतं. शेजारच्या टेबलावरचा माझा सहकारी म्हणाला, "ब्लड?" मी कापसाच्या काडीने टिपून रक्ताची चाचणी केली. रक्त नव्हतं. काडीवरचा लाल रंग मी बघत बसलो. मग काय वाटलं कोण जाणे, समोर सौम्य आम्लाची बाटली होती, तिचा एक थेंब काडीवर टाकला.

लाल रंग पिवळा झाला.

आठवीच्या प्रयोगवहीत हे होतं. हळदीला चुना लावला की ती लाल होते, त्याचंच कुंकू करतात, आणि त्यावर आम्ल टाकलं की पुन्हा हळद. न्यू जर्सीत पिस्तुलाला घरचं कुंकू लावणारं घर एकच होतं. ज्याने हे पिस्तूल घेतलं त्याने चार महिन्यांत ते एकदाही पुसलं नव्हतं. मी खुर्चीत बसलो.

कागद उलटून वाचला. निखिल नववीत होता. दोन मुलं त्याला महिनोन् महिने छळत होती. लॉकरवर ढकलायची, क्लॅरिनेट संडासात टाकायची, आणखी काय काय. माधुरी वहिनी दोनदा शाळेत जाऊन आल्या होत्या. उपमुख्याध्यापक म्हणाले होते, "बॉइज, यू नो." समुपदेशक बाईंनी एक टिपण लिहून फाइलला लावलं होतं. त्या सकाळी निखिलने ड्रॉवर उघडला, मॅगझिन काढून तिथेच ठेवलं, पिस्तूल क्लॅरिनेटच्या पेटीत घालून नेलं आणि त्या दोघांसमोर धरलं. ते हसले. त्याने घोडा ओढला. पोलिसांना तो एकच वाक्य सांगत होता, "इट वॉज एम्प्टी. आय टुक द मॅगझिन आउट." मेलेला मुलगा त्या दोघांपैकी नव्हताच. केव्हिन नावाचा, शेजारच्या लॉकरमधून पुस्तक काढायला आलेला.

मी डेव्हकडे गेलो. ओळखीच्या घरातली केस हाताळायची नसते. त्याने पाकीट दुसऱ्याकडे दिलं आणि मला म्हणाला, "एका पानावर लिहून दे, काय संबंध आहे." मी लिहिलं: हे कुटुंब परिचयाचं आहे, हे शस्त्र मी त्यांच्या घरी पूर्वी पाहिलेलं आहे.

पाहिलेलं. मी ते हातात घेतलं होतं, मुलांना अर्धा धडा दिला होता, आतली गोळी न बघता परत केलं होतं, हे सगळं मी त्या एका शब्दात गुंडाळलं. लॅबमधला माणूस, आणि चेंबर न तपासता शस्त्र परत देतो! कुणी ऐकलं असतं तर मला पाण्याच्या टाकीजवळसुद्धा उभं केलं नसतं.

पंधरा दिवसांनी शरद एडिसन स्टेशनच्या पार्किंगमध्ये मला भेटला. माझी कामावरून यायची वेळ त्याला माहीत होती. तो माझ्या गाडीत येऊन बसला. दाढी वाढलेली, हातात रिकामा कॉफीचा कप.

"मेश्रामसाहेब, एक रिक्वेस्ट आहे. दसऱ्याचं कुठे बोलू नका."

"का?"

"मी पोलिसांना सांगितलंय, पिस्तूल लॉक्ड बॉक्समध्ये होतं. निखिलने चावी चोरली."

"शरद, ते देवघराच्या ड्रॉवरमध्ये होतं. लॉक नव्हतंच."

"ते तुम्हाला माहीत, मला माहीत. पोरांच्या हाताला लागेल असं ठेवलं म्हणून माझ्यावर केस झाली तर दुकानाचं लायसन्स जाईल. घर कसं चालवू?"

"आणि निखिलचं? चावी चोरली म्हटलं तर त्याने सगळं ठरवून केलं असं होतं, हे कळतंय का तुला?"

"यार, तो मायनर आहे. मायनरला काय करतात? काउन्सेलिंग-बिउन्सेलिंग. लॉयर म्हणालाय."

मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. पण मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "मला कुणी विचारलं तर मी खोटं बोलणार नाही."

"विचारणार नाहीत," शरद म्हणाला, आणि उतरला.

त्याचं बरोबर होतं. निखिलवर मोठ्या माणसासारखा खटला चालवायचा की नाही, ह्यावर सुनावणी झाली. सगळा वाद एकाच गोष्टीवर आला: पिस्तूल रिकामं आहे अशी त्याची खरोखर समजूत होती का? सरकारी वकील म्हणाले, मुलाने बापाची चावी चोरली, मॅगझिन मुद्दाम मागे ठेवून बहाणा तयार केला, एक गोळी पुरेशी असते. निखिलच्या वकिलाने मला बोलावलं नाही, कारण त्याला फी शरद देत होता आणि माझ्या तोंडून ड्रॉवर बाहेर आला असता. सरकारी वकिलाला माझ्या पानावरच्या 'पाहिलेलं' ह्या शब्दात काहीच रस वाटला नाही. त्या मुलाची तशी समजूत कशी झाली, हे सांगू शकणारा मोठा माणूस एकच होता. तो कोर्टात सगळ्यात मागच्या बाकावर, टाय लावून, बोलावण्याची वाट बघत बसला होता. उभं राहून बोलायला मला कुणी बंदी केली नव्हती. वकिलाच्या ऑफिसात जाऊन बेल वाजवायलाही नाही.

मधल्या सुट्टीत कॉरिडॉरमध्ये एक बाई माझ्याजवळ आल्या. माझ्या कोटावरचा लॅबचा बिल्ला त्यांनी वाचला. त्या केव्हिनच्या आई होत्या.

"ती बंदूक तुम्ही लोकांनी तपासलीत ना?" त्यांनी विचारलं. "तिच्यात काही बिघाड होता का?"

"नाही, मॅडम."

"बिघाड असावा अशी मला आशा होती," त्या म्हणाल्या, आणि नळाकडे पाणी प्यायला गेल्या.

पुढे त्यांनी दावा लावला तेव्हा पिस्तुलाच्या कंपनीचा माणूस लॅबमध्ये आला. छान सूट, मृदू आवाज. तो म्हणाला, चेंबर तपासा ही सूचना पुस्तिकेत छापलेली आहे, ठळक अक्षरात. शाळा म्हणाली, टिपण फाइलला आहे. पोलीस म्हणाले, परवाना नियमाप्रमाणे दिला. शरद म्हणाला, पेटीला कुलूप होतं. मंडळात आता सूर बदलला होता. "मुलगा सोन्यासारखा, त्या गोऱ्या पोरांनी त्याला बिघडवलं. शरद बिचारा फुकट अडकला." ज्या काकू किराण्याच्या दुकानात डिव्होर्सबद्दल बोलल्या होत्या, त्याच हे म्हणत होत्या. प्रत्येकाकडे आपापलं एक पान होतं, आणि प्रत्येकाचं पान बरोबर होतं. माझंसुद्धा. मी त्या पानावर एकही खोटा शब्द लिहिला नव्हता.

निखिलचा खटला मोठ्यांच्या कोर्टात गेला. त्याने गुन्हा कबूल केला आणि त्याला बऱ्याच वर्षांची शिक्षा झाली. शरदचं लायसन्स वाचलं. आजी त्या उन्हाळ्यात भारतात परत गेल्या आणि आल्या नाहीत. मी नोकरीत राहिलो. बढती मिळाली. नव्या मुलांना मी शिकवायचो, आणि पहिल्या दिवशी चेंबर बघण्यावर इतका वेळ घ्यायचो की ते पाठीमागे माझी नक्कल करत.

दशक संपता संपता देशभर शाळांमध्ये गोळ्या उडायला लागल्या आणि टीव्हीवर रोज संध्याकाळी पाच माणसं बसून जबाबदार कोण यावर भांडायला लागली. चित्रपट, व्हिडिओ गेम, घटस्फोट, कंपन्या, शाळा, बाप. मी टीव्ही बंद करायचो. सुनंदा त्या दसऱ्याला गाडी वळवा म्हणाली होती, ते तिने मला पुन्हा कधीही ऐकवलं नाही, आणि हेच मला जास्त लागायचं.

त्याच सुमारास माधुरी वहिनींचा फोन आला. शरदपासून त्या वेगळ्या राहत होत्या. म्हणाल्या, "निखिल तुमच्याबद्दल विचारत असतो. एकदा जाऊन याल का?"

मी एका रविवारी गेलो. भेटीच्या खोलीत खाली बोल्टने जखडलेली टेबलं होती आणि कोपऱ्यात चिप्सचं मशीन. निखिल एकवीस वर्षांचा झाला होता, खांदे रुंद, केस अगदी बारीक. मला बघून उठून उभा राहिला. तुरुंगातसुद्धा त्याने मला वाकून नमस्कार केला. गार्ड ओरडला, "नो कॉन्टॅक्ट!" आम्ही बसलो.

"हाऊ इज काकू?" त्याने विचारलं. मग लॅबबद्दल विचारलं. "एनी न्यू केस?" आणि स्वतःच हसला.

मी खूप काही ठरवून गेलो होतो. त्यातलं एवढंच बाहेर आलं, "निखिल, मी कोर्टात बोलायला हवं होतं."

"आय नो," तो म्हणाला. "माझ्या लॉयरने विचारलं होतं, मॅगझिनचं तुला कोणी शिकवलं. आई म्हणाली, काकांचं नाव घेऊ नकोस, काकांची नोकरी जाईल. सो आय सेड, आय सॉ इट ऑन टीव्ही."

पंधरा वर्षांच्या पोराने मला वाचवलं होतं, आणि मी मागच्या बाकावर टाय लावून बसलो होतो.

मग तो थोडा पुढे झुकला. अगदी तसाच, जसा दसऱ्याला सगळ्या मुलांच्या पुढे येऊन उभा होता.

"काका, वन थिंग आय ऑलवेज वाँटेड टू आस्क. त्या दिवशी तुम्ही असं बोट वर केलं होतं. देन आई कॉल्ड अस टू ईट. व्हॉट वेअर यू गोइंग टू से?"

त्याला आता ते माहीत नसेल असं नाही. सहा वर्षांत वकिलांनी, पोलिसांनी, सगळ्यांनी सांगितलं असेल. तरी त्याला ते माझ्याकडून ऐकायचं होतं.

मी सांगितलं. "मॅगझिन काढलं तरी आत एक गोळी असू शकते, बेटा. वरचा भाग मागे ओढायचा आणि डोळ्यांनी बघायचं."

तो वर्गात बसल्यासारखा ऐकत होता. थोडा वेळ थांबला, मी आणखी काही सांगेन म्हणून.

"दॅट्स इट?"

"हो," मी म्हणालो. "एवढंच."